आठवड्याला एक पेनी

इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्टांवर कर्ज होतं. १७३९ साली त्यांनी ‘न्यू रूम’ नावाची प्रार्थनेची जागा बांधली. माणसं वाढत गेली, देणं मात्र फिटेना. ते फेडायचं कसं, हे ठरवायला १५ फेब्रुवारी १७४२ रोजी मंडळी जमली. कॅप्टन फॉय नावाचे गृहस्थ उठले आणि म्हणाले, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. लगेच कुणीतरी शंका काढली, की आपल्यातल्या कित्येकांना तेवढंही झेपणारं नाही. त्यावर कॅप्टनने तोड सुचवली. सगळ्यात गरीब अकरा जणांची नावं माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, देतील त्यांची पेनी घेईन आणि ज्यांना जमणार नाही त्यांची पदरची भरीन.

अकरा आणि तो एक, असे बारा. सगळ्या मंडळीचे असेच बारा-बाराचे गट पाडले गेले. एका अर्थी भिशीच, फक्त हिच्यात पैसे परत मिळायचे नव्हते.

पुढे जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्यांना घरांच्या आतलं दिसू लागलं. अमका दारू पिऊन पडलेला असतो, तमक्याच्या घरी नवरा-बायकोची भांडणं चालू असतात, हे सगळं ते जॉन वेस्लीला येऊन सांगू लागले. वेस्ली हा मेथडिस्टांच्या या ख्रिस्ती चळवळीचा पुढारी, अँग्लिकन चर्चचा पाद्री, ऑक्सफर्डचा विद्वान, आणि हिशेबाच्या बाबतीत पक्का. आपल्याला इतके दिवस हवी होती ती गोष्ट हीच, हे त्याने ओळखलं. वसुलीच्या गटाचा त्याने ‘क्लास’ केला. गटप्रमुखाने आठवड्यातून एकदा आपल्या माणसांना भेटावं, पेनी घ्यावी आणि तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय तेही विचारावं. कर्ज फिटलं तरी क्लास राहिला.

आज जगभरातली मेथडिस्ट चर्चेस काही-काही वर्षांचे आराखडे करतात. ‘सेवाकार्याचे अग्रक्रम’, ‘लक्षकेंद्रे’, ‘धोरणात्मक उद्दिष्टे’ अशा नावांच्या रंगीत पुस्तिका निघतात. त्या चाळताना वाटतं, हे सगळं कंपन्यांच्या बोर्डरूममधून उचललेलं आहे. भाषा तिथून आली आहे यात शंका नाही. पण मूळ शोधत मागे गेलं, की आपण ब्रिस्टलच्या त्या बैठकीत येऊन पोचतो. काय आधी करायचं हा प्रश्न मेथडिस्टांच्या पुढे पहिल्यापासून पैशाचा हात धरून आला आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

क्लासमागोमाग तिकीट आलं. दर तीन महिन्यांनी वेस्ली किंवा त्याचा उपदेशक एकेका सभासदाची चौकशी करायचा आणि वागणूक ठीक असेल तर छापील तिकीट हातात ठेवायचा. ते नसेल तर पुढच्या तिमाहीत सभेला प्रवेश नाही. मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसलला त्याने ६४ जणांची नावं काढून टाकली आणि कारणं आपल्या रोजनिशीत मोजून लिहिली: शिवीगाळ करणारे दोन, शब्बाथ मोडणारे दोन, नेहमी पिणारे सतरा, दारू विकणारे दोन, भांडखोर तीन, बायकोला मारणारा एक, ठरवून खोटं बोलणारे तीन, निंदानालस्ती करणारे चार, आळशी एक आणि धर्माच्या बाबतीत बेफिकीर एकोणतीस. बेरीज बरोबर चौसष्ट भरते. या यादीकडे मी पुनःपुन्हा बघतो ते तिच्यातल्या एकोणतीस या आकड्यासाठी. दारुडे सतरा आणि बेफिकीर एकोणतीस! आपली खरी अडचण कुठे आहे, हे या माणसाने आकड्यांतून काढलं होतं.

२५ जून १७४४ला लंडनमध्ये पहिली ‘कॉन्फरन्स’ भरली. जागा होती ‘फाउंडरी’, म्हणजे स्फोटात मोडून पडलेला आणि वेस्लीने डागडुजी करून घेतलेला तोफांचा जुना कारखाना. माणसं दहा: जॉन आणि चार्ल्स हे वेस्ली बंधू, आणखी चार दीक्षित पाद्री आणि चार साधे उपदेशक, ज्यांना दीक्षा मिळालेली नव्हती. त्या काळात पाद्र्यांनी असल्या उपदेशकांना आपल्या बरोबरीने बसवावं, हेच पुष्कळ होतं. तीन प्रश्न समोर ठेवले गेले: शिकवायचं काय, शिकवायचं कसं, आणि करायचं काय. इतिवृत्त सगळं प्रश्नोत्तरांत आहे. भाषण नाही, प्रस्तावना नाही. प्रश्न क्रमांक अमुक, त्याखाली उत्तर. तिसऱ्या प्रश्नातून पुढची अडीचशेहून अधिक वर्षं निघाली.

या पद्धतीचा खरा कस १७४५ ते १७४८ या तीन वर्षांत लागला. १७४५च्या बैठकीत विचार निघाला, की सगळीकडे सोसायट्या, म्हणजे सभासदांच्या स्थानिक मंडळ्या, स्थापत बसण्यात वेळ जातो, तर काही ठिकाणी नुसता उपदेश करून पुढे जाऊन बघावं. म्हणजे जास्त गावं होतील. न्यूकॅसलपासून स्कॉटलंडच्या सीमेवरच्या बेरिकपर्यंतच्या पट्ट्यात वर्षभराहून अधिक काळ तसं केलं. १७४८च्या बैठकीत पुन्हा तोच प्रश्न घेतला आणि उत्तर लिहिलं गेलं, की पेरलेलं जवळजवळ सगळं बी वाटेवर पडलं, फळ म्हणावं असं काही उरलं नाही. प्रयोग बंद.

धोरण ठरवणं म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना मला धार्मिक संस्थांच्या इतिहासात फारसा दिसलेला नाही. करून बघितलं, ठरलेल्या मुदतीने हिशेब घेतला, फसलं हे लिहून ठेवलं, सोडून दिलं. यातली तिसरी पायरी पुढच्या पिढ्यांना सगळ्यात जड गेली.

वेस्लीने उपदेशकांसाठी नियमही लिहिले. त्यातला एक असा, की ज्यांना तुम्ही हवे आहात त्यांच्याकडे जाच, पण ज्यांना तुमची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्याकडे आधी जा. अग्रक्रमाची एवढी छोटी आणि एवढी अडचणीची व्याख्या क्वचित सापडते. अडचणीची अशासाठी, की ज्यांना गरज असते त्यांच्याकडे द्यायला पेनी नसते. हा नियम अमलात आणायचं हत्यार म्हणजे नेमणुकांची यादी. उपदेशकाने कुठे जायचं हे त्याने ठरवायचं नाही, गावानेही नाही, कॉन्फरन्स ठरवेल. एका सर्किटवर, म्हणजे ठरलेल्या गावांच्या फेरीवर, दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त काळ राहायचं नाही, घोडा घ्यायचा आणि पुढे निघायचं. १७६५पासून कॉन्फरन्सचं इतिवृत्त दरवर्षी छापलं जाऊ लागलं: कोण नवे आले, कोण वारले, कोण कुठे नेमले गेले, आणि लवकरच, कुठल्या सर्किटमध्ये सभासद किती.

१७६९ साली लीड्सच्या बैठकीत अमेरिकेहून मागणी आली. न्यूयॉर्कच्या मंडळीने चर्च बांधलं होतं, कर्जही केलं होतं. दोन उपदेशक तयार झाले, रिचर्ड बोर्डमन आणि जोसेफ पिलमोर. बैठकीतच झोळी फिरली, सत्तर पौंड जमले. वीस पौंड दोघांच्या प्रवासाला आणि पन्नास न्यूयॉर्कचं कर्ज फेडायला. एका खंडावरच्या कामाचा अख्खा अर्थसंकल्प तो एवढाच.

अमेरिकेत मात्र अग्रक्रमांचं दुसरं तोंड दिसलं. १७८४च्या नाताळात बाल्टिमोरला स्वतंत्र चर्च स्थापन झालं. तेव्हा सभासदांनी ठरावीक मुदतीत आपले गुलाम मुक्त करावेत, असा कडक नियम झाला. वेस्लीचा गुलामगिरीला ठाम विरोध होताच. पण सहा महिन्यांत तो नियम तहकूब झाला, कारण दक्षिणेत काम वाढत होतं आणि या नियमामुळे दारं बंद होत होती. १८०८ साली तर या चर्चच्या सर्वसाधारण कॉन्फरन्सने साउथ कॅरोलायनासाठी नियमग्रंथाच्या एक हजार वेगळ्या प्रती छापायला मंजुरी दिली. त्या प्रतींत गुलामगिरीवरचा भाग गाळलेला होता. पुस्तक तेच, आतलं पान गायब. नियम रद्द करण्यापेक्षा हे मला जास्त वाईट वाटतं. वाढ हवी म्हणून न्याय मागे ठेवला, आणि मागे ठेवला हे कबूलही केलं नाही. व्हायचं ते चुकलं नाहीच. १८४४ साली बिशप जेम्स अँड्र्यू यांच्या घरातल्या गुलामांवरून चर्चचे दोन तुकडे झाले ते १९३९पर्यंत सांधले गेले नाहीत.

मुंबईचा या गोष्टीशी पहिला संबंध आला तो एका मृत्यूमुळे. ब्रिटिश मेथडिस्टांचं परदेशातलं काम बराच काळ टॉमस कोक नावाच्या एका माणसाच्या खांद्यावर होतं. हा वेल्श गृहस्थ स्वतः दारोदार फिरून पैसे जमवायचा. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्याच्या मनाने घेतलं, की सिलोनला जायचं. कॉन्फरन्सने खर्चाचं कारण काढलं, तेव्हा तो म्हणाला, लागतील ते सहा हजार पौंड मी घालतो. आता भीक मागणारा माणूसच निघून चालला म्हटल्यावर मागे पैसे कोण उभे करणार? म्हणून ऑक्टोबर १८१३ मध्ये लीड्सला मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पुढे जगभर पसरलेल्या एका यंत्रणेचा जन्म हा असा, एका म्हाताऱ्याच्या हट्टातून. कोक ३ मे १८१४ला बोटीवरच गेला. त्याचं शव हिंदी महासागरात सोडलं गेलं. ‘कबाल्वा’ नावाचं ते जहाज मे महिन्यातच मुंबईला लागलं, तेव्हा त्याचे तरुण साथीदार या अनोळखी बंदरात जवळजवळ रिकाम्या हातांनी उतरले, कारण पैशाचे सगळे व्यवहार कोकच्या नावावर होते. मुंबईतल्या एका गृहस्थांनी सोसायटीच्या पतीवर त्यांना पैसे दिले आणि ते सिलोनला रवाना झाले. मुंबई त्यांच्या यादीत नव्हती.

अमेरिकन मेथडिस्टांच्याही नव्हती. १८५६ साली विल्यम बटलर भारतात आले. त्यांनी रोहिलखंड आणि अवध हे क्षेत्र निवडलं, बरेलीत बस्तान मांडलं आणि पुढच्याच वर्षी बंडामुळे नैनितालला पळाले. न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या मिशनरी बोर्डाचा नकाशा स्पष्ट होता: उत्तरेला हिमालय, पश्चिमेला आणि दक्षिणेला गंगा, त्यामधलं आपलं. बाकीचा देश इतर मिशनांचा. मराठी वाचकाला ख्रिस्ती मिशन म्हटलं की अहमदनगर आणि नारायण वामन टिळक आठवतात, पण ते अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचं. मेथडिस्टांचा तेव्हा इकडे पायही नव्हता.

तो पाय आणला विल्यम टेलर यांनी. कॅलिफोर्नियाच्या सोनेखाणींच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उपदेश केलेला हा दाढीवाला माणूस नोव्हेंबर १८७१ मध्ये मुंबईत आला आणि इंग्रजी बोलणाऱ्यांत सभा घेऊ लागला: रेल्वेतले, सरकारी कचेऱ्यांतले, अँग्लो-इंडियन. जे वळले त्यांचे त्याने घराघरांत गट पाडले, थेट कॅप्टन फॉयच्या चालीवर. १८७२च्या सुरुवातीला चर्च उभं राहिलं. त्याने अट घातली, की मिशनरींच्या भारतापर्यंतच्या प्रवासखर्चापलीकडे मिशनरी सोसायटीकडून पैसा मागायचा नाही आणि घ्यायचाही नाही. जो पैसे देतो तो नकाशा काढतो, हे टेलरला नेमकं कळलेलं होतं. बोर्डाचा पैसा नाही, म्हणजे बोर्डाची गंगाही नाही.

याच वेळी त्याला येऊन मिळाले जॉर्ज बोवेन. हे १८४८पासून मुंबईत होते. ‘अमेरिकन बोर्ड’ या दुसऱ्या मिशनरी संस्थेचे मिशनरी म्हणून आले आणि आल्यावर थोड्याच काळात पगार सोडून वस्तीत एका साध्या खोलीत राहू लागले. लोकांसारखं राहिल्याशिवाय लोक ऐकणार नाहीत, हे त्यांचं म्हणणं. ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र त्यांनी कितीतरी वर्षं चालवलं, रस्त्यावर मराठीत उपदेश केला, आणि चाळीस वर्षांत मायदेशी परत गेले नाहीत. १८८८ साली मुंबईतच वारले. पगार नसलेल्या माणसाची नेमणूक कोणत्या रकान्यात लिहायची, हा प्रश्न कुठल्याही कचेरीला पडावा असाच.

टेलरचा पसारा बघता बघता पुणे, कलकत्ता, मद्रासला गेला. न्यूयॉर्कला पर्याय राहिला नाही. १८७६ साली ‘साउथ इंडिया कॉन्फरन्स’ म्हणून या सगळ्याला मान्यता मिळाली, आणि ती भरली मुंबईत. पुण्याच्या सभांमध्ये विल्यम ओल्डम नावाचा एक तरुण सरकारी सर्व्हेअर ओढला गेला. त्याने १८८६ साली सिंगापूरमध्ये अँग्लो-चायनीज स्कूल काढलं आणि पुढे तो बिशप झाला. पुण्याहून सिंगापूर, हे कुठल्या आराखड्यात होतं?

पण एकट्या टेलरला डोक्यावर घेण्यातही अर्थ नाही. स्वावलंबनाची त्याची अट इंग्रजी बोलणाऱ्या पगारदार मंडळींत चालली. ज्यांच्या घरी दोन वेळच्या खाण्याची भ्रांत, त्यांच्यात काम सुरू झालं तसा बाहेरचा पैसा घ्यावाच लागला, आणि पैशामागून बोर्डही आलं.

बोर्डाची वाट न बघणाऱ्या बायकाही होत्या. भारतातल्या स्त्रियांपर्यंत पुरुष मिशनरी पोचू शकत नाहीत, हे भारतात मिशनरी नवऱ्यांसोबत राहून आलेल्या मिसेस बटलर आणि मिसेस पार्कर यांनी मार्च १८६९ मध्ये बॉस्टनला मूठभर बायकांना सांगितलं. तिथल्या तिथे बायकांची स्वतंत्र सोसायटी निघाली. इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन ही तिने पाठवलेली पहिली जोडी. १८७० साली थोबर्नबाईंनी लखनौच्या अमीनाबाद बाजारात सहा मुलींना घेऊन शाळा सुरू केली. तिचंच पुढे कॉलेज झालं. एवढं करूनही १८८८च्या सर्वसाधारण कॉन्फरन्सला निवडून आलेल्या स्त्रियांना आत बसू दिलं नाही. काम करायला बायका चालत होत्या, अग्रक्रम ठरवायला नाहीत. दार उघडायला १९०४ उजाडलं.

विसावं शतक मोठ्या आकड्यांचं. इंग्लंडात रॉबर्ट पर्क्स यांनी दहा लाख मेथडिस्टांकडून माणशी एक गिनी अशी योजना काढली. सही करणाऱ्यांची नावं पन्नास जाड खंडांत आहेत. त्या पैशातून लंडनला वेस्टमिन्स्टर सेंट्रल हॉल झाला, १९१२ साली. तिथेच जानेवारी १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांची आमसभा पहिल्यांदा भरली. एक पेनीची एक गिनी झाली होती, पण तत्त्व तेच: श्रीमंताने जास्त द्यायचं नाही, नाव सगळ्यांचं सारख्या मापाचं.

अमेरिकन मेथडिस्टांनी १९१९ साली मिशनची शताब्दी साजरी केली तिची तऱ्हा वेगळी. आधी जगभराचं सर्वेक्षण झालं: कुठे किती शाळा, किती दवाखाने, किती माणसं लागतील, किती डॉलर. तक्ते आणि नकाशे छापले गेले. ओहायोतल्या कोलंबसला प्रचंड प्रदर्शन भरवलं, दहा लाखांवर माणसं येऊन गेली. दहा कोटी डॉलरहून जास्त रकमेची वचनं मिळाली. आज आपण ज्याला स्ट्रॅटेजिक प्लॅन म्हणतो तो पुरा अंगरख्या-पगडीसह इथे पहिल्यांदा दिसतो. मग युद्धानंतरची मंदी आली, वचनं वचनंच राहिली, आणि त्या भरवशावर वाढवलेलं काम विसाच्या दशकात ठिकठिकाणी आखडतं घ्यावं लागलं, भारतातही. १७४८ सारखं ‘बी वाटेवर पडलं’ असं कुणी लिहून ठेवल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही.

त्यापुढची कहाणी भराभर सांगता येते. १९६८ साली युनायटेड मेथडिस्ट चर्च झालं. १९७६ साली त्याने तीन अग्रक्रम ठरवले: जगातली भूक, वांशिक अल्पसंख्याकांच्या मंडळ्या, आणि सुवार्ताप्रसार. ब्रिटिशांनी २००४ साली आपले अग्रक्रम लिहिले ते जवळजवळ प्रार्थनेच्या भाषेत. २००८ साली फोर्ट वर्थला अमेरिकनांनी चार क्षेत्रं ठरवली: नेतृत्व घडवणं, नव्या माणसांसाठी नव्या जागा, गरिबांसोबत काम, आणि गरिबीतून येणारे जीवघेणे आजार. त्यातल्या शेवटच्याचं खरंच काही झालं. मलेरियाविरुद्ध साडेसात कोटी डॉलरचं लक्ष्य ठेवलं, आफ्रिकेत मच्छरदाण्या गेल्या, दवाखाने सुधारले. मच्छरदाणी मोजता येते आणि कुणाला दिली ते सांगता येतं, हे तिच्या यशाचं अर्धं कारण असावं.

२०१२ साली टँपाला मग याच चर्चची सगळी यंत्रणाच बदलायचा घाट घातला गेला. दहा दिवस वाद, तडजोडी, अखेर आराखडा मंजूर. आणि ४ मे रोजी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, चर्चच्याच न्यायमंडळाने तो घटनाबाह्य ठरवून अख्खा रद्द केला. सात वर्षांनी समलैंगिकतेच्या प्रश्नावर सेंट लुईसला विशेष अधिवेशन झालं, आणि २०२३ अखेर अमेरिकेतल्या सात हजार सहाशेहून अधिक मंडळ्या, म्हणजे जवळपास पाव चर्च, बाहेर पडल्या. चार क्षेत्रांच्या यादीत हा विषय कुठेच नव्हता.

भारतातल्या मेथडिस्टांनी १९७० साली अनेक पंथांनी मिळून झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन व्हायचं नाकारलं आणि ७ जानेवारी १९८१ रोजी मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वतंत्र झालं. बोवेन यांच्या नावाचं चर्च गेटवेजवळ कुलाब्यात आहे. हे चर्च ज्या मेथडिस्ट एपिस्कोपल, म्हणजे बिशप असलेल्या, परंपरेतून आलं तिच्यात वार्षिक कॉन्फरन्सचं शेवटचं काम म्हणजे बिशपने नेमणुका वाचून दाखवणं: कोण कुठे चालला, कोण राहिला, कुठली मंडळी रिकामी. अग्रक्रमांचा अहवाल चालू असताना डोळा लागलेली माणसंही त्या वेळी सरसावून बसतात.

तुमच्या मंडळीच्या हातात पुढच्या वर्षांचा रंगीत आराखडा पडला तर तो वाचा जरूर. सोबत दोन कागद मागून घ्या: नेमणुकांची यादी आणि जमाखर्च. तिसरा मिळाला तर उत्तमच, मागच्या आराखड्यातलं काय फसलं त्याचा.